गारखेड्याची नवरी, फुलंब्रीचा नवरदेव

आमचा कूलर पडवीत आहे, पण त्याचं तोंड अंगणाकडे आहे.

काट्याला हळद लावता येत नाही. हळद लावणाऱ्यालाच काटा लागतो.

बँडवाल्यानं विचारलं, "नवरदेव कुठाय?" मी ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "त्यो नाय ओ, त्यो डायवर हाय!" "त्याच्या मागची कुंडी," मी म्हणालो. बँडवाल्यानं तोंडातली क्लॅरिनेट काढून हातात घेतली.

पिंपळाची मुंज होते. हे मला माहीत होतं.

घरजावई हा शब्द फुलंब्रीकरांसमोर हळू उच्चारावा. हे मला माहीत नव्हतं!

घाबरू नका. डोकं ठिकाणावर आहे माझं. हे सगळे एकाच घटनेचे तुकडे आहेत, फक्त ती घटना घडतानाच अशी तुकड्यातुकड्यांनी घडली की मलाही नीट जोडता येत नाही. तरी प्रयत्न करतो.

*

तर मंडळी, मराठवाड्याच्या उन्हात हॉली वाढवून दाखवणारा माणूस तुमच्यासमोर बसला आहे! टाळ्या नंतर वाजवा.

हॉली म्हणजे थंड मुलखातलं झुडूप. पानं गर्द हिरवी, तेल चोपडल्यासारखी चकचकीत, कडेला काटे, आणि हिवाळ्यात लालभडक फळांचे घोस. नाताळच्या शुभेच्छापत्रावर घंटेशेजारी जी काटेरी पानं असतात ना, तीच. मसुरीच्या सहलीत एका बंगल्याच्या कुंपणाला मी ती पाहिली आणि माझं डोकं फिरलं. बाकीची मंडळी तिथून शाली घेऊन आली. मी रोप घेऊन आलो. रेल्वेतून, मांडीवर धरून!

"लोक मांडीवर लेकरू घेतात," राजनंदिनी, म्हणजे माझी बायको, समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंना म्हणाली. "आमच्या ह्यांनी साळिंदर घेतलंय."

गारखेड्याला घरी आल्यावर मी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा केला. आपली काळी माती चुन्याची, आणि हॉलीला पाहिजे आंबट माती. मग मी जुन्या पानांचं कुजवलेलं खत घातलं, तेवढ्यानं समाधान होईना म्हणून ताक घातलं. घरात कढी बंद झाली. मुळाशी उसाचं पाचट अंथरलं, वर हिरवी जाळी बांधली. तरी वैशाखात पानांच्या कडा करपायला लागल्या, तेव्हा कूलर ओढून पडवीत आणला आणि त्याचं तोंड हॉलीकडे केलं.

"अहो! आत माणसं घामानं भिजलीत आणि तुम्ही झुडपाला हवा घालताय?"

"माणसाला घाम येतो, राजनंदिनी. तिला तोही येत नाही!"

यावर तिनं जे पाहिलं माझ्याकडे, त्यानं कूलरशिवायही गारवा आला.

खरी अडचण कूलरची नव्हती. अडचण पाण्याची होती. मी नोकरीला पाटबंधारे खात्यात, आणि घरच्या नळाला पाणी येतं तेव्हा येतं! ते आलं की राजनंदिनी ड्रम भरते, बादल्या भरते, पातेली भरते. एकदा तिनं कुकर भरून शिट्टी लावून ठेवला होता. तिला अंगणात जमिनीखाली हौद पाहिजे होता. आणि हौदाला जागा एकच. कोपऱ्यातली. हॉलीची!

फार घासाघीस होऊन शेवटी तह झाला. येत्या डिसेंबरात हॉलीला एक जरी लाल फळ लागलं तर कोपरा हॉलीचा, कायमचा. नाही लागलं तर हॉली उपटून तिथं हौद.

"एक फळ," राजनंदिनी म्हणाली. "बघा, किती सवलत दिली."

आणि आमची हॉली कशी? गुटगुटीत. तुकतुकीत. दर फाल्गुनात बारीक पांढरी फुलं यायची, नुसता बहर. आणि फळ? एकही नाही!

*

नर्सरीवाले गयासभाई माझे जुने दोस्त. त्यांना बोलावून आणलं. फाल्गुन लागला होता, कळ्या फुगल्या होत्या, दोनचार फुलं उमलली होती. गयासभाईंनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ लावला, एक फूल त्याच्या शेजारी धरलं, चष्मा काढला, परत घातला.

"साहब, मुबारक हो. लडकी है."

"म्हणजे?"

"इसमें नर का झाड अलग रहता, मादी का अलग. ये मादी है. नजदीक में नर नहीं तो फल कायकू लगेंगे? वो बेचारी क्या करिंगी अकेली?"

इतकी वर्षं मी तिला ताक पाजत होतो! मी पायरीवर बसलोच.

"मग एक नर द्या मला. आत्ता. नर्सरीत असेल ना?"

"अपने पास नहीं साहब, किधर बी नहीं मिलिंगा. मगर," गयासभाईंनी आवाज उगाचच खाली आणला, जसं एखाद्या उपवर मुलाबद्दल सांगतात तसा, "फुलंब्री में एक है. अच्छे घर का है."

*

फुलंब्रीत रस्त्याला लागूनच काकासाहेबांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मागं त्यांची शेती, विहीर, आंब्याची झाडं. आणि दुकानाच्या दारात, चुना लावलेल्या मोठ्या कुंडीत, तो! उंचापुरा, काटेदार, अंगभर कळ्या. मला तर भरूनच आलं.

"रामराम काकासाहेब. तुमचं हे झाड मला थोडे दिवस द्याल का?"

काकासाहेबांनी हातातला बेअरिंगचा डबा खाली ठेवला. "कशापायी?"

मी सांगितलं. माझ्याकडे मादी, तुमच्याकडे नर, दोघांना फुलं एकाच वेळी येताहेत, कुंडी शेजारी नेऊन ठेवतो, पुढचं मधमाश्या बघतील, बहर सरला की कुंडी परत आणून देतो.

"म्हंजी तुमी आमच्या रामकिसनला पोरगी सांगून आलाव?"

"रामकिसन कोण?"

"ह्यो काय समोर हुबा! माजा मेव्हणा रामकिसन मिलिटरीत हाय, त्यानं डेहराडूनहून आनला. म्हनून त्याचंच नाव ठिवलं."

"छान. तर रामकिसनला फक्त थोडे दिवस..."

"लग्नाबिगर?"

मी हसलो. काकासाहेब हसले नाहीत. मी दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. तेही हसलं नाही.

"सायेब, लेकरावानी वाढवलाय त्याला. बिनलग्नाचं पोरगं दुसऱ्याच्या आंगनात नेऊन ठिवू? उद्या फुलंब्रीत काय सांगू, कामून गेलता म्हनून?"

"अहो, झाड आहे ते!"

"पोरीचा बाप असं बोलत नसतोय," गिऱ्हाईक म्हणालं.

*

हा किस्सा मी घरी हसत हसत सांगितला. चहाला वच्छलाबाई आल्या होत्या. राजनंदिनीची मावशी, समोरच्याच घरात राहते, आणि गल्लीत सत्यनारायणापासून बारशापर्यंत शेवटचा शब्द तिचा.

"बरोबरच बोलला तो," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुळशीचं लग्न लावता की नाय दर साली?"

"मावशी, ती तुळस आहे."

"पिंपळाची मुंज करतेत की नाय?"

"करतात, पण..."

"पिंपळाला जानवं चालतंय आणि तुमच्या पोरीला मंगळसूत्र नाय चालत? इतकी वाढली, अंगणात एकटी हुबी हाय, कुणाचं लक्ष तरी हाय का?"

आमच्या श्रेयानं, कॉलेजात आहे, लगेच मोबाइल काढला. "पप्पा, पत्रिका मी करते! ताई आहे माझी ती!"

मी मदतीसाठी राजनंदिनीकडे पाहिलं. मला वाटलं, ही तरी आता कपाळावर हात मारेल. पण नाही! ती शांतपणे कप गोळा करत म्हणाली, "माझी काही हरकत नाही. लग्न लागतंय तर लागू द्या. मानपानाचं मी बघते. काकासाहेबांचा नंबर द्या."

मंडळी, इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या हॉलीसाठी तिनं केलेली ही पहिली गोष्ट.

तेव्हापासून ती रोज काकासाहेबांशी फोनवर बोलायची, स्वयंपाकघरात. बाहेर एवढंच ऐकू यायचं:

"हां काकासाहेब... व्हय व्हय... नाही, पंगत आमच्याकडं... ट्रॅक्टरच आणा ना, सोयीचं पडेल... ह्यांना? छे! ह्यांना काय सांगायचंय, ते झाडातच असतात..."

किती मनापासून करत होती!

*

पत्रिका, श्रेयानं केलेली, गल्लीच्या ग्रुपवर पडलेली, तिथून कुठं कुठं गेली देव जाणे:

॥ श्री गणेशाय नमः ॥
आमच्या येथे आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. हौसा (मूळ गाव मसुरी)
हिचा शुभविवाह
फुलंब्रीचे काकासाहेब यांचे लाडके चि. रामकिसन (मूळ गाव डेहराडून)
यांच्याशी, बहर ओसरण्याआधी, योजिला आहे.
आहेर नको. कात्री आणू नये.

हौसा हे नाव वच्छलाबाईंनी ठेवलं. हॉली म्हणून हाक मारायला त्यांची जीभ तयार नव्हती.

*

हळदीला बायका जमल्या. पानं दहा, हळद वाटीभर, बोटं पन्नास. पहिलीनं लावली, "आई गं!" दुसरीनं लावली, "अगं बाई!" तिसरीनं अंगठा तोंडात घातला. शेवटी वच्छलाबाईंनी भाताचं उलथनं मागवलं आणि त्यानं नवरीला हळद माखली.

"अशी तिखट सून फुलंब्रीला झेपंल का?" कोणीतरी म्हणालं.

"तिकडचा काय गुलाब हाय व्हय?" वच्छलाबाई म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी बँड आला. त्याच्यामागं ट्रॅक्टर, ट्रॉलीत फुलंब्रीची वीसएक माणसं, आणि त्यांच्या मधोमध कुंडीत रामकिसन. शेंड्याला गुलाबी फेटा, मुंडावळ्या, कुंडीला जरीची शाल. काकासाहेब स्वतः फेटा बांधून कुंडीला धरून उभे, धक्का लागू नये म्हणून. वरात गल्लीत वळताना ट्रॅक्टर विजेच्या खांबाला अडकला. पुढं जाईना, मागं येईना. तेवढ्यात गल्लीतली शेळी ट्रॉलीत चढली आणि नवरदेवाच्या मुंडावळ्या खायला लागली. तीन फुलं खाल्ली, चौथ्या घासाला नवरदेव चावला! शेळी अशी ओरडत पळाली की बँडवाल्यांनी तोच सूर पकडला. शेवटी धक्के मारून ट्रॅक्टर सुटला आणि नवरदेवाची कुंडी अंगणात उतरली.

मी मात्र फुलं मोजत होतो. नवऱ्याची फुलं उमलली होती, परागानं पिवळी झाली होती. आमच्या बाजूचीही सगळी उमलली होती. आता फक्त दोघांना शेजारी उभं करायचं की डिसेंबरात कोपरा आपला!

आणि तिथंच वरपक्ष रुसला.

"ह्ये काय?" काकासाहेब कंबरेवर हात ठेवून म्हणाले. "पोरीला कूलर आन् पोराला ऊन?"

"काकासाहेब, ती जुनी सवय आहे हो तिची..."

"आमी पोराकडचे हाव! चला रे, चढा ट्रॅक्टरवर."

सगळी वरात वळली. मी धावत जाऊन कूलरचं तोंड रामकिसनकडे केलं. वरात परत वळली. तोपर्यंत इकडं हौसाची पानं मला मलूल दिसायला लागली. मी हळूच पायानं कूलर थोडा इकडं केला. काकासाहेबांनी हळूच पायानं थोडा तिकडं केला. शेवटी श्रेयानं कूलर मागं ओढून मधोमध ठेवला. दोघांनाही हवा लागेना, पण मान राहिला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला गयासभाईंनी आणि श्रेयानं. गयासभाई म्हणत होते, "मेरी ही नर्सरी में होना था ये रिश्ता." वच्छलाबाई टिपेला गेल्या, "शुभ मंगल सावधान!" आणि चहूकडून अक्षता!

मंडळी, अक्षता म्हणजे तांदूळ. दोनशे माणसांनी मूठ मूठ तांदूळ फेकला तर त्या नाजूक फुलांचं काय होईल, याचा विचार मी केलाच नव्हता!

"थांबा! फुलं पडतील! फुलांवर नका टाकू!"

मी छत्री उघडून हौसावर धरली. लोकांना वाटलं काहीतरी नवीन रीत आहे. त्यांनी छत्रीवर नेम धरून टाकल्या. पुढच्या सावधानला वरपक्षातल्या एकानं रामकिसनवर ताडपत्री धरली, आमच्यापेक्षा मोठी. छत्रीवर अक्षता ताशासारख्या वाजत होत्या, आणि खाली, मंडळी, खाली मी काय पाहिलं? एक मधमाशी रामकिसनच्या फुलावरून उठली आणि सरळ हौसाच्या फुलावर जाऊन बसली!

"लागलं!" मी ओरडलो. "लग्न लागलं!"

बँडवाल्यांनी एवढ्यावर जे वाजवलं, ते अजून माझ्या कानात आहे.

*

पंगत झाली. वांग्याची भाजी, वरणभात, बुंदी. मी तृप्त होऊन सुपारी कातरत होतो. कुंडी आता थोडे दिवस इथंच, बहर सरला की काकासाहेबांना नमस्कार, मग डिसेंबर, मग माझा कोपरा.

काकासाहेब हात पुसत आले. "चला सायेब. दिवस मावळायच्या आत निगालं पायजे."

"या, या. रामकिसनची काळजी करू नका. त्याला इथं काही कमी पडणार नाही."

"त्याला हितं कामून? आमी सून घेऊन निगालो."

माझ्या हातातला अडकित्ता खाली पडला.

"सून?"

"लग्न झालं. पोरगी सासरी येत नाय व्हय तुमच्यात?"

मी आजूबाजूला पाहिलं. बायका पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. पाठवणीसाठी! वच्छलाबाई तर हौसाच्या बुंध्याशी ओटी भरायला बसल्यासुद्धा होत्या.

"मावशी! अहो, ती जमिनीत आहे! मुळं आहेत तिला!"

"मुळं कुणाला नसतेत?" वच्छलाबाई नाक ओढत म्हणाल्या. "मी आले तवा मला नव्हती? जा गं बाई, सुखानं नांद."

"काकासाहेब, ऐका," मी त्यांना बाजूला घेतलं. "आपण असं करू. रामकिसनलाच इथं ठेवू. कायमचा. घरजावई..."

बँड थांबला. बुंदीचं घमेलं घेऊन जाणारा माणूस थांबला. गिऱ्हाईक, तेच दुकानातलं, हळूच म्हणालं, "आरारा."

"घरजावई?" काकासाहेबांचा फेटा थरथरला. "आमचा? मिलिटरीवाल्याच्या नावाचा पोरगा? सायेब, विहीर हाय आमच्याकडं! सावली हाय! तुमच्याकडं काय हाय? कूलर!"

मी गयासभाईंकडे वळलो. "गयासभाई, तुम्ही सांगा! बहरात झाड हलवतात का?"

"मिट्टी का गोला बडा निकाला तो कुछ नहीं होता साहब," गयासभाई म्हणाले, आणि बुंध्याभोवती पायानं रेघ मारून दाखवली. मोठी रेघ. फार मोठी!

"तुम्ही कोणाकडचे आहात?"

"मैं तो बीच का आदमी हूँ."

ट्रॉलीतून दोन गडी उतरले. खांद्यावर कुदळ, पहार, फावडं, गोणपाट.

"तुम्ही कुदळ घेऊन आला होता?" मी म्हणालो.

"सून न्यायला मोकळ्या हातानं येतेत व्हय?" काकासाहेब म्हणाले.

मग खणणं सुरू झालं. गडी तरबेज. गोल, खोल, मुळाला धक्का न लावता. मी प्रत्येक फावड्यागणिक "सावकाश" म्हणत होतो, पण ते माझं कर्तव्य म्हणून. गोणपाटात बांधलेला मातीचा गोळा चौघांनी उचलला तेव्हा श्रेया खरंच रडली. आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, मीही. ट्रॉलीत हौसा आणि रामकिसन शेजारी शेजारी उभे, मध्ये ओल्या पोत्यांची गादी. काकासाहेबांनी स्वतः तिच्यावर सावलीला आपलं उपरणं बांधलं. ट्रॅक्टर सुरू झाला.

गल्ली रिकामी झाली. अंगणात मी, राजनंदिनी आणि खड्डा.

राजनंदिनीनं पदर खोचला, काठाशी उभी राहून आत वाकून पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आली.

"निम्मा हौद तर झालाच की!"

"डिसेंबर अजून यायचाय," मी म्हणालो. "एक जरी फळ लागलं तर कोपरा हॉलीचा, असं ठरलंय."

"ठरलंय ना. पण मग हॉली कुठाय?"

*

डिसेंबरात काकासाहेबांचा व्हिडिओ कॉल आला. विहिरीशेजारी, आंब्याच्या सावलीत दोघं जमिनीत लावलेले. रामकिसन होता तसाच, जरा जाड झालेला. आणि हौसा? लाल! पानोपानी लाल, घोसच्या घोस लाल, त्या मसुरीच्या बंगल्यावर नव्हतं इतकं लाल!

"बगा सायेब, लक्षुमी हाय तुमची पोरगी!"

"लागलं! राजनंदिनी, फळ लागलं! पैज जिंकलो मी!"

"लागलं की," राजनंदिनी मागून म्हणाली. "सासरी."

मी हार मानली नाही. हक्काची एक गोष्ट अजून शिल्लक होती. "काकासाहेब, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. रीत आहे! पाठवा तिला इकडं."

"पाठवतो की सायेब. आजच धाडतो. पर ठिवता कुटं? हौदात?"

राजनंदिनी हौदातून बादली काढत होती. तिला हसताना दोरी सावरेना.

हौदाची वाळू लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच गल्लीच्या तोंडाशी येऊन पडली होती, काकासाहेबांच्या ट्रॅक्टरनं.